आमच्या औषधाले वाजते काय?

माझ्या पहिल्या पेपरच्या तिसऱ्या आकृतीत एकोणीस खांब आहेत. साधा बार ग्राफ. दोन खांब उंच, बाकीचे सतरा जवळजवळ जमिनीला टेकलेले. उंच खांबांपैकी पहिला ज्या रसायनाचा आहे, ते ओळखण्यासाठीच आम्ही सेन्सर बनवला होता. दुसरा उंच का आहे ते पुढे सांगते, कारण त्याने माझं वर्षभराचं काम उलटंपालटं केलं. पण आधी सपाट खांबांबद्दल. त्यातला अकरावा माझ्या काकांचा आहे.

खाली काकांचं नाव नाही, अर्थातच. तिरप्या बारीक अक्षरांत 'मोनोक्रोटोफॉस' असं लिहिलंय. आमच्या गावात, यवतमाळ जिल्ह्यात, याला 'मोनो' म्हणतात. गोठ्याच्या आढ्याला पिशवीत त्याची बाटली टांगलेली असायची, लहान पोरांचा हात पोचू नये म्हणून. लॅबमध्ये तेच रसायन कॅटलॉगमधून मागवलं तेव्हा करंगळीएवढ्या काचेच्या कुपीत आलं. त्याचा खांब सपाट आला त्या दिवशी मी इतकी खूश झाले की कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

आता हे चहाचं कारण समजावं म्हणून थोडं रसायनशास्त्र सहन करा.

मी पीएचडीला आहे आणि माझा विषय आहे नर्व्ह एजंट ओळखणारे सेन्सर. नर्व्ह एजंट म्हणजे सरीन, टॅबून, सोमान, व्हीएक्स ही मंडळी. आपल्या शरीरात मज्जातंतूकडून स्नायूकडे निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रेणूमार्फत. दारावरची बेल दाबली की वाजते आणि बोट काढलं की थांबते, तसं. बोट काढण्याचं काम एक एन्झाइम करतं, ॲसिटिलकोलिनेस्टरेज. नर्व्ह एजंट नेमका या एन्झाइमलाच जाऊन चिकटतो. मग बेल वाजतच राहते. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, घाम, स्नायूंची थरथर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून बंद.

खरं सरीन आमच्यासारख्या लॅबमध्ये ठेवता येत नाही, आणि तसंच असायला हवं. १९९७ मध्ये लागू झालेल्या रासायनिक शस्त्रबंदी कराराने त्यावर कडक बंधनं आहेत. भारताने त्याच करारानुसार आपल्याकडचा साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत नष्ट केला. त्यामुळे जगभरातले माझ्यासारखे विद्यार्थी सरीनच्या जागी त्याचा एक कमी घातक भाऊ वापरतात, डायइथाइल क्लोरोफॉस्फेट. लाडाने डीसीपी. कमी घातक म्हणजे निरुपद्रवी नव्हे, फ्युम हूडबाहेर त्याचं झाकण उघडायचं नाही. सरीनमध्ये फॉस्फरसला फ्लोरीन चिकटलेला असतो, डीसीपीत क्लोरीन. आमचा सेन्सर म्हणजे एक रंगद्रव्य. डीसीपीच्या फॉस्फरसशी त्याची प्रतिक्रिया झाली की ते यूव्ही दिव्याखाली हिरवं चमकतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

पण नुसतं चमकून भागत नाही. दुसऱ्या कशाला चमकत नाही हेही दाखवावं लागतं. याला म्हणतात सिलेक्टिव्हिटी, आणि त्यासाठी तो खांबांचा ग्राफ. मीठ, पाणी, वेगवेगळे फॉस्फेट, आणि हटकून दोन-तीन कीटकनाशकं. सेन्सर कीटकनाशकांना चमकला नाही की पेपरमध्ये अभिमानाने वाक्य येतं की सदर सेन्सर सामान्य ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या व्यत्ययापासून मुक्त आहे. व्यत्यय. इंटरफेरन्स. या विषयावरचे जेवढे पेपर मी वाचलेत त्यातल्या बहुतेकांत या ना त्या रूपात हे वाक्य आहे. माझ्याही मसुद्यात होतं. मीच लिहिलं होतं.

*

वास्तविक दोघांचं घराणं एकच. गेरहार्ड श्राडर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ आय.जी. फार्बेन कंपनीत कीटकनाशकं शोधत होता. डिसेंबर १९३६ मध्ये त्याने जे बनवलं ते किड्यांवर भलतंच परिणामकारक ठरलं. थोड्याच दिवसांत त्याला आणि त्याच्या सहायकाला स्वतःलाच त्याचा प्रसाद मिळाला. बाहुल्या आकसल्या, श्वास लागला. ते होतं टॅबून. मामला लष्कराकडे गेला. १९३८ मध्ये सरीन आलं. युद्धानंतरही श्राडर कीटकनाशकांच्याच कामात राहिला. उलटा प्रवासही झाला. ब्रिटनमध्ये आयसीआय कंपनीत रणजित घोष या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेलं अमिटॉन हे कीटकनाशक बाजारात आलं, फारच विषारी म्हणून मागे घेतलं गेलं, आणि त्याच कुळातून पुढे व्हीएक्स निघालं. म्हणजे शेत आणि रणांगण यांच्यामध्ये भिंत नव्हतीच, एक दार होतं आणि ते दोन्ही बाजूंनी उघडायचं.

हे सगळं मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला वाचलं. वाचलं म्हणजे परीक्षेपुरतं. त्याच वर्षी, २०१७ च्या पावसाळ्यात, काका आजारी पडले.

त्या वर्षी यवतमाळमध्ये काय झालं ते कदाचित आठवत असेल. जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यांत भरती झाले. सरकारने चौकशीला विशेष पथक नेमलं. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेलेली. खाली फवारायचं तर औषध बोंडांवर पडतं, वर फवारायचं तर आपल्यावर. हो, औषध. आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात. फवारणी करणं म्हणजे 'औषध मारणं'.

काकांनी तीन दिवस औषध मारलं. अंगात फुल बाह्यांचा जुना शर्ट, तोंडाला दुपट्टा, पायात काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते बांधावर येऊन बसले आणि काकूला म्हणाले, "मळभ आलं काय वं?" आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. काकूला वाटलं ऊन लागलं. मग लाळ सुरू झाली. शर्ट घामाने असा भिजला की पिळला असता तर पाणी निघालं असतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारला आणि त्यांना लगेच कळलं. ऑर्गनोफॉस्फेट. निदान अचूक. ॲट्रोपिन लागोलाग सुरू झालं आणि काका वाचले ते त्यामुळेच, हे आधी सांगते. पण टॉर्च बंद केल्यावर त्यांचा काकूला पहिला प्रश्न होता, "किती घेतलं? खरं सांगा."

"घेतलं नाई जी, फवारलं," काकू म्हणाली.

"घरात भांडण झालं होतं का?"

विदर्भातल्या दवाखान्यात ऑर्गनोफॉस्फेटचा पेशंट आला की तो प्यायला असणार, हा अंदाज हवेतून आलेला नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवातून आलेला आहे. त्या डॉक्टरांनी असे किती पाहिले असतील. तरी त्या संध्याकाळी तो अंदाज चुकीचा होता. केस पोलिसांत नोंदली गेली. जबाब झाले. कर्ज किती, दारू पितात का, सून-सासू पटतं का. काका सहाव्या दिवशी नीट बोलायला लागले तोवर गावात ठरून गेलं होतं. मी अमरावतीहून पोचले तेव्हा एसटी स्टँडवरच एकाने मला विचारलं, "कामून केलं असं बुढ्यानं?" काका तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते.

काकूने पुढची दोन वर्षं माहेरच्या कुठल्या लग्नाला जायचं टाळलं. याचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही.

*

मात्सुमोटोबद्दल मी फार नंतर वाचलं, पीएचडीला आल्यावर. सेन्सरवरच्या प्रत्येक पेपरची प्रस्तावना ठरलेली असते. १९८८ हलब्जा, १९९५ टोकियो, मग थेट आपलं संशोधन किती गरजेचं आहे. मात्सुमोटो कधी असतं, कधी नसतं. मी शोधायला गेले आणि तिथेच अडकले.

२७ जून १९९४ ची रात्र. जपानमधलं मात्सुमोटो शहर. ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी एका ट्रकमध्ये हीटर आणि पंखा बसवून वस्तीत सरीन सोडलं. त्यांच्या विरोधातल्या जमिनीच्या खटल्यातले न्यायाधीश जवळच राहायचे. त्या वेळी सात माणसं मेली, पाचशेहून अधिक बाधित झाली. पहिल्यांदा ॲम्ब्युलन्सला फोन करणाऱ्यांत योशियुकी कोनो नावाचा माणूस होता. त्याची बायको कोसळली होती, कुत्रे मेले होते. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी त्याच्या घराची झडती घेतली. घरात फोटो धुण्याची रसायनं आणि कीटकनाशकं सापडली. झालं. वर्तमानपत्रांनी लिहून टाकलं की यानेच घरी काहीतरी मिसळताना चूक केली असणार. सरीन असल्याचं काही दिवसांत कळलं तरी संशय हटला नाही. त्याच्याकडे जे होतं त्यातून सरीन बनत नाही, हे रसायनशास्त्राच्या कुणाही विद्यार्थ्याला कागदावर दाखवता आलं असतं.

नऊ महिन्यांनी, २० मार्च १९९५ ला, त्याच पंथाने टोकियोच्या मेट्रोत सरीन सोडलं तेव्हा कोनोवरचा आळ गेला. पोलिसांनी, वर्तमानपत्रांनी माफी मागितली. त्याची बायको शुद्धीवर आलीच नाही. २००८ मध्ये गेली.

मी हे रात्री होस्टेलवर वाचत होते. मला काकूचा चेहरा दिसत होता. घरात औषधाची बाटली होती, म्हणून.

टोकियोचं आणखी एक सांगते, कारण ते सेन्सरचंच आहे. मेट्रोतली माणसं कोसळायला लागल्यावर अग्निशमन दलाने हवेची तपासणी केली आणि निष्कर्ष आला ॲसिटोनायट्राइल. हे आम्ही लॅबमध्ये लिटरने वापरतो. माझे सगळे प्रयोग त्यातच चालतात. यंत्र खोटं बोललं नव्हतं. पंथाने सरीन ज्यात पातळ केलं त्या मिश्रणात ते होतं. यंत्राला दिसलं ते खरंच होतं, फक्त माणसं त्याने मरत नव्हती. सरीन असल्याचं पोलिसांनी जाहीर करेपर्यंत तीनेक तास गेले. तोवर एकट्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलात शेकडो माणसं पोचली होती. आणि ज्या डॉक्टरने मात्सुमोटोचे रुग्ण पाहिले होते त्याने टीव्हीवरच्या बातम्या पाहून टोकियोला कळवलं की ही लक्षणं सरीनची दिसताहेत. त्याच्याजवळ यंत्र नव्हतं. आदल्या वर्षीची माणसं त्याला आठवत होती.

हारुकी मुराकामीने त्या दिवशीच्या प्रवाशांच्या मुलाखती घेऊन 'अंडरग्राउंड' हे पुस्तक केलं. त्यात माणसं पुन्हा पुन्हा सांगतात की स्टेशनबाहेर आले तर सगळं अंधारलेलं वाटलं. बाहुल्या आकसल्या की डोळ्यांत उजेडच कमी शिरतो. मळभ आलं काय वं.

दोन दिवसांनी पोलिसांनी पंथाच्या ठिकाणांवर छापे घातले. त्या फोटोत गॅस मास्क घातलेला पोलीस आहे आणि त्याच्या हातात पिंजरा. पिंजऱ्यात कॅनरी. १९९५ साली, जपानमध्ये.

*

कॅनरी पाहून हसू येतं, पण माझ्या मते तिच्यात एक गोष्ट आहे जी बऱ्याच महागड्या यंत्रांत नाही. यंत्र विचारतं, "तू कोण?" कॅनरी विचारते, "तू मला काय करतोस?"

सैन्याकडे असतात त्या यंत्रांपैकी एक विमानतळावर तुम्ही पाहिलं असेल, निदान त्याचा चुलतभाऊ. बॅगेवरून कापडाची पट्टी फिरवून एका डब्यात घालतात ना, त्यात बहुतेक वेळा हेच तंत्र असतं. रेणूंना विद्युतभार द्यायचा, एका नळीतून पळवायचं, आणि कोण किती वेळात पोचतो त्यावरून ओळखायचं. पण शर्यतीत दोन वेगळी माणसंही एकाच वेळेत पोचू शकतात. दुसऱ्या यंत्रात हायड्रोजनच्या ज्योतीत हवा जाळतात. फॉस्फरस असेल तर ज्योत हिरवी दिसते. ते फक्त फॉस्फरस आहे एवढंच सांगतं, कुणाचा ते नाही. सगळ्यात स्वस्त म्हणजे कागद. त्यात रंग भरलेले असतात, द्रवाचा थेंब पडला की विरघळून दिसतात. सरीनच्या घराण्याला पिवळा, व्हीएक्सला हिरवा, मस्टर्डला लाल. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या डीआरडीईने असा तीन रंगांचा कागद बनवलाय. अमेरिकी सैन्याच्या कागदावर मच्छर पळवायच्या लोशनने किंवा ब्रेक ऑइलनेही रंग उमटू शकतो. आणि मस्टर्ड गॅसचे संरक्षक कपडे तपासायला तोतया म्हणून जे वापरतात ते मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे आजीच्या गुडघ्याला चोळतात त्या बामातलं गंधपुऱ्याचं तेल. आजी लढाईत उतरली तर पळापळ व्हायची.

१९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्याचे अलार्म इतक्या वेळा उगाच वाजले की सैनिकांचा त्यांच्यावरचा विश्वासच उडाला. त्याच युद्धात इस्रायलमध्ये क्षेपणास्त्रांच्या भीतीने शेकडो लोकांनी, त्यात मुलंही, गरज नसताना ॲट्रोपिन टोचून घेतलं. खोटी घंटा फुकट नसते. तिचं बिल कुणाच्या तरी नावाने फाटतं.

*

आता दुसरा उंच खांब.

पेपरचा मसुदा तयार होता. ग्राफमध्ये तेव्हा अठराच खांब होते, एकच उंच. शेवटची एक मोजणी पुन्हा करायची म्हणून मी डीसीपीची नवी बाटली फोडली आणि चमक कमी आली. दोनदा केलं, दोनदा कमी. कपाटातली जुनी, अर्धी संपलेली बाटली काढली. तिने झकास हिरवा उजेड. मला वाटलं नवा माल खराब आलाय. सप्लायरला मेलही लिहायला घेतला.

मेल लिहिताना हात थांबला. ताज्या मालापेक्षा शिळा माल जास्त चमकतो, म्हणजे चमक मालाची नाही, शिळेपणाची आहे. डीसीपीला हवेतलं पाणी लागलं की ते तुटतं आणि त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं. बाथरूम धुवायला वापरतात तेच. जुन्या बाटलीत ते साठलेलं असणार.

रात्रीचे साडेदहा झाले होते. स्वच्छ नळीत सेन्सरचं द्रावण घेतलं, डीसीपी घातलंच नाही, फक्त अगदी विरळ ॲसिडचा एक थेंब. यूव्ही दिवा लावला. तोच हिरवा रंग. मग डीसीपीच्या चमकणाऱ्या नळीत ट्रायइथाइलअमाइन घातलं. ते अल्कली आहे, त्याला सुक्या मासळीसारखा वास येतो आणि रात्रभर केसांत राहतो. ॲसिड संपलं आणि चमकही विझली. फॉस्फरसशी खरंच प्रतिक्रिया झाली असती तर ती अशी पुसली जायला नको होती.

म्हणजे आम्ही वर्षभर घालवून लिटमस पेपर बनवला होता. जरा देखणा, यूव्हीत चमकणारा लिटमस पेपर.

यात मी एकटी नाही. या प्रकारचे कित्येक सेन्सर प्रत्यक्षात ॲसिडला चमकतात हे क्षेत्रात माहीत असलेलं दुखणं आहे. तपासायला एक थेंब आणि पाच मिनिटं लागतात. पण तपासलं नाही तर कुणी विचारेलच असं नाही.

सरांना सकाळी दाखवलं. ते बराच वेळ नळ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रिव्ह्यूअरने विचारलं तर हे कंट्रोल देऊ." मी काही बोलले नाही. सर वाईट माणूस नाहीत. माझी फेलोशिप संपायला चौदा महिने उरले होते आणि ते त्यांनाच जास्त आठवत होतं. मी खोलीवर गेले आणि दोन दिवस लॅबला आले नाही. मनात एकच चालू होतं. समजा हा सेन्सर उद्या खरंच कुणाच्या हातात गेला. कुठेतरी ॲसिडचा टँकर उलटला, पट्टी हिरवी झाली, आणि जवळच्या घरात एखादी संशयास्पद बाटली सापडली. मग त्या घरातल्या बाईला काय काय विचारतील ते मला पाठ होतं.

तिसऱ्या दिवशी मी सरांना काकांची गोष्ट सांगितली. तोवर लॅबमध्ये कुणालाच माहीत नव्हती. त्यांनी ऐकून घेतली, त्यावर काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी मसुद्याची फाइल परत आली. शीर्षकातून 'नर्व्ह एजंट' काढलेलं होतं आणि तिसऱ्या आकृतीजवळ शेरा होता, "ॲसिडचा खांब टाक." पेपर ठरवलेल्या जर्नलने नाकारला. सात महिन्यांनी एका लहान जर्नलमध्ये आला.

*

त्या दिवाळीत घरी गेले तेव्हा काका ओसरीवर बसले होते. उजवा हात अजूनही कपबशी धरताना थरथरतो. टीव्हीवर कसलीशी युद्धाची बातमी चालली होती. त्यांनी मला विचारलं, "थे तुह्यं यंत्र आमच्या औषधाले वाजते काय?"

"नाही वाजत, काका."

"मंग कायले वाजते?"

"युद्धातल्या विषाला वाजेल असं वाटलं होतं."

काकांनी विचार केला. "थे इथं कोन मारते?"

मी हसले, तेही हसले. पण परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये झोप लागली नाही. अकराव्या खांबाला मी चहा पाजला होता. मोनो सरीनइतकं घातक नाही, पण त्याच एन्झाइमला त्याच जागी चिकटतं. तरी ते माझ्या सेन्सरला 'दिसत नाही' हा मी सेन्सरचा गुण म्हणून लिहिला होता. सैनिकाच्या बाजूने पाहिलं तर तो गुणच आहे, शेतातल्या वाऱ्याने त्याचा अलार्म वाजायला नको. माझ्या घराची बाजू मात्र त्या आकृतीत कुठेच नव्हती.

कॅनरीच्या जातीची चाचणी मात्र आहे, आणि जुनी आहे. १९६१ पासून वापरात असलेली एलमनची पद्धत. एन्झाइम घ्यायचं, लॅबमध्ये बहुधा इलेक्ट्रिक ईल माशाचं मिळतं. त्याला तोडायला एक खाऊ द्यायचा आणि सोबत एक रसायन. एन्झाइम जिवंत असेल तर द्रावण पिवळं होतं. विषाने ते मेलं असेल तर पिवळं होत नाही. इथे रंग न येणं हाच अलार्म. ही चाचणी सरीन आणि मोनोत फरक करत नाही, म्हणून माझ्या क्षेत्रात ती कमी दर्जाची समजली जाते. सध्या मी त्याच्याच कागदी पट्ट्या बनवतेय. मोनोचा थेंब टाकला की पिवळा येत नाही. पहिल्यांदा आला नाही तेव्हा मी कुणाला चहा पाजला नाही, बराच वेळ तो पांढरा ठिपका बघत राहिले. उन्हाळ्यात, धुळीत, घामेजल्या हातात त्या किती टिकतील ते अजून पाहायचंय. एन्झाइम नाजूक असतं, फ्रीजबाहेर फार दिवस काढत नाही.

पण माणसाच्या रक्तात तेच एन्झाइम असतं आणि ते मोजायला माझ्या पट्टीची गरज नाही. कॅलिफोर्नियात १९७४ पासून नियम आहे. अशी औषधं ठराविक दिवसांहून जास्त हाताळणाऱ्या शेतमजुराचं रक्त हंगामाआधी तपासायचं, मग हंगामात अधूनमधून. तांबड्या पेशींतलं एन्झाइम त्याच्या स्वतःच्या मूळ पातळीच्या सत्तर टक्क्यांवर घसरलं की त्याला फवारणीवरून काढून दुसरं काम द्यायचं. खर्च मालकाचा. यात मूळ पातळी महत्त्वाची, कारण माणसामाणसांत ती खूप वेगळी असते. एखाद्याचं एन्झाइम चांगलं घसरलं तरी रिपोर्टवर 'नॉर्मल' येऊ शकतं. काकांचं २०१७ मध्ये मोजलं असतं तरी कशाशी ताडून पाहायचं? आधीचा आकडाच नव्हता.

काका आता फवारत नाहीत. गावातला एक पोरगा येतो, चोवीस वर्षांचा, एका हंगामात आठ-दहा जणांची शेतं मारतो. यंदा मे महिन्यात मी त्याला काकांबरोबर तालुक्याच्या लॅबमध्ये घेऊन गेले. लॅबवाल्याने आधी विचारलं, काय त्रास होतो? काही नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी सोनोग्राफी मागतेय. नमुना नागपूरला पाठवावा लागला. चार दिवसांनी आकडा आला. मी तो गोठ्याच्या दारावर, बाटली टांगलेली असते त्याच्या शेजारी, पेनाने लिहिला. तारखेसकट.

पोरगा वाचत उभा राहिला. "मी बिमार नाई तं रक्त कायले द्यायचं?"

"म्हणूनच आत्ता द्यायचं," मी म्हटलं. "ऑगस्टमध्ये परत जाऊ. तेव्हा ताडून पाहता येईल."

"ऑगस्टात एक दिवस गेला तं रोजी कोन देईन?"

मी म्हटलं, मी देते.

काका खाटेवरून म्हणाले, "अर्धी माह्याकडून."